प्रति: ऑडिट कडक केलं की झालं?
कार्बन क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवल्याचं, विकता येणारं प्रमाणपत्र. बचत खरी नसतानाही ती वाटली जातात, आणि ऑडिट कडक केलं की हा प्रश्न सुटेल, असं वरच्या पोस्टमध्ये मांडलंय ते मला अर्धंच पटतं. जंगलांच्या प्रकल्पांवर इथे भरपूर लिहून झालंय, पण कमी सरपण जाळणाऱ्या चुली वाटूनही क्रेडिट मिळवतात, तो विषय कुणी काढला नाही. यवतमाळकडे माझ्या मावशीच्या घरी अशी 'सुधारित' चूल आलीये. पत्र्याची, बुटकी, अंगावर नंबर ठोकलेला. चहा तिच्यावर होतो. भाकरी मात्र जुन्या मातीच्या चुलीवरच, कारण हिच्यावर मोठा तवा डुगडुगतो. आणि आंघोळीचं पाणी मागच्या अंगणात तीन दगडांवर. फोटो काढायला माणूस आला तेव्हा नवी चूल पेटलेली होती. कुणीच खोटं बोललं नाही.

दुसरी गोम सरपणाची. बचत मोजताना जळणारं बहुतेक लाकूड जंगल कमी करूनच आलं, असं धरून चालतात. मावशीकडे कित्येक महिने पऱ्हाट्या नि तुराट्याच (कापसाची नि तुरीची वाळकी झाडं) जळतात, आणि पुढच्या हंगामात शेतात तेवढ्याच पुन्हा उभ्या राहतात. मग वाचवलेला कार्बन नेमका कुठला? बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांचा याच दोन्ही गोष्टी तपासणारा अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यांनी घेतलेल्या चूल-प्रकल्पांना सरासरी सुमारे ९ पट जादा क्रेडिट मिळालेली निघाली, आणि तीही मान्यताप्राप्त पद्धतींनी मोजून. सूत्रच सैल असेल तर ऑडिटर पकडणार काय, चहाचं भांडं?