छोटी तज्ज्ञ-भाषणं गटाने ऐकतो, पण पुढे 'छान होतं' यापलीकडे गाडी जात नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण आठवड्यातून एकदा जमतो आणि एखाद्या तज्ज्ञाचं छोटं भाषण एकत्र ऐकतो. बहुतेक टेडच्या धर्तीची, जास्तीत जास्त अठरा मिनिटांची. मेंदू, झोप, एकटेपणा, हवामानबदल, विषमता असे विषय असतात. गटात कॉलेजची मुलं आहेत, निवृत्त मंडळी आहेत, एक नर्स आहेत. संशोधन करणारं कुणीच नाही. निवड आणि सूत्रसंचालन माझ्याकडे असतं.

दोन अडचणी आहेत.

पहिली म्हणजे भाषण संपलं की 'काय सुंदर बोलले', 'डोळे उघडले' असं सगळे म्हणतात आणि दहा मिनिटांत विषय भलतीकडे जातो. पुढच्या आठवड्यात विचारावं तर वक्त्याने सांगितलेला किस्सा सगळ्यांना आठवतो, पण तो किस्सा कोणत्या मुद्द्यासाठी होता ते सांगता येत नाही.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. मध्यंतरी आम्ही मानसशास्त्रज्ञ एमी कडी यांचं २०१२ सालचं देहबोलीवरचं भाषण ऐकलं. दोन मिनिटं छाती काढून, हातपाय पसरून उभं राहिलं तर शरीरातली संप्रेरकं (हार्मोन्स) बदलतात आणि धीटपणा येतो, असा त्याचा गाभा. एका मुलीने मुलाखतीआधी तसं करायचं ठरवलंसुद्धा. मग गटातल्याच एकाने शोधून आणलं की मूळ प्रयोग फक्त ४२ जणांवर झाला होता, २०१५ मध्ये २०० जणांवर तो पुन्हा केला तेव्हा संप्रेरकांमध्ये काही फरक दिसला नाही, आणि २०१६ मध्ये मूळ शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनीच 'हा परिणाम खरा आहे असं मला आता वाटत नाही' असं जाहीर केलं. त्या दिवसापासून गटात तट पडलेत. काही जण म्हणतात, मन आणि स्वास्थ्य यांवरची भाषणं बंद करा, फक्त खगोलशास्त्र आणि भौतिकशास्त्र ऐकू.

मला हे पटत नाही. आमच्यातले एक काका एकटे राहतात. कित्येक बैठका ते गप्प बसून असायचे. एकटेपणावरचं भाषण झालं त्या दिवशी ते पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलले. हे कोणत्याही कृष्णविवरावरच्या भाषणाने झालं नसतं.

तर जाणकारांना विचारायचं आहे : ऐकलेलं टिकावं म्हणून बैठकीत नेमकं काय करावं? आणि आमच्यासारख्या सामान्य माणसांनी एखाद्या दाव्याची पडताळणी कुठवर करावी, कशी करावी?

– कोरांटी

अनवट :

कोरांटी, तुमची पहिली अडचण तुमच्या गटापुरती नाही, त्यावर प्रयोग झाले आहेत. २०१३ मध्ये शाना कार्पेंटर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना जेमतेम मिनिटाभराचा एक व्हिडिओ दाखवला. विषय होता, तिरंगी मांजरं जवळजवळ नेहमी मादीच का असतात. मजकूर तोच, पण एका व्हिडिओत वक्ता श्रोत्यांकडे बघून सफाईने बोलत होता, दुसऱ्यात खाली मान घालून, अडखळत, कागदात बघून. सफाईदार भाषण ऐकणाऱ्यांना वाटलं की आपल्याला बरंच आठवेल. प्रत्यक्षात दोन्ही गटांना आठवलेलं साधारण सारखंच होतं.

छोटी तज्ज्ञ-भाषणं तर या सफाईसाठीच बसवलेली असतात, भरपूर तालीम करून. म्हणून 'समजलं' ही भावना जोरदार येते. ती वक्त्याच्या कौशल्यातून आलेली असू शकते, हे गटाला एकदा मोकळेपणाने सांगा.

उपाय सोपा आहे. भाषण संपल्यावर लगेच बोलू नका. प्रत्येकाने पाच मिनिटं कागदावर लिहायचं : मुख्य दावा कोणता, आणि तो खरा मानायला वक्त्याने काय पुरावा दिला. टिपणं न बघता. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवलं, पण आठवड्याने चित्र उलटलं. जे न बघता आठवून लिहीत होते ते पुढे गेले. तुमच्या बैठकाही आठवड्यानेच असतात, तेव्हा हे तुम्हाला चपखल बसेल. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. पुराव्याचा रकाना कोरा राहिला तर चर्चा आपोआप तिथूनच सुरू होते.

सांजवेळ :

अनवट यांना +१. माझी भर एवढीच की प्रश्न भाषणाच्या आधीही विचारा. स्वीडनचे डॉक्टर हान्स रोसलिंग यांचं जगाच्या आकडेवारीवरचं २००६ चं भाषण त्यासाठी उत्तम आहे. देशांच्या पाच जोड्या देऊन प्रत्येक जोडीत बालमृत्यूचं प्रमाण कुठे जास्त, असं त्यांनी स्वीडनमधल्या आपल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं. सरासरी १.८ उत्तरं बरोबर आली. नुसता नाणेफेकीवर निर्णय सोपवला असता तरी २.५ आली असती. म्हणजे अज्ञान नव्हतं, पक्के पूर्वग्रह होते.

हे भाषण लावण्याआधी तसेच प्रश्न तुमच्या गटाला विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. आपला अंदाज चुकलेला डोळ्यांसमोर असला की माणूस वेगळ्या कानाने ऐकतो. आणि सामाजिक विषयांत हे भाषण घ्यायला आणखी एक कारण आहे : आकडेवारी सार्वजनिक आहे, हवी तेव्हा पडताळून बघता येते.

निळासावळा :

मी आरोग्यक्षेत्रात काम करतो, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

सगळं तपासायला जाऊ नका, दमाल. ज्या भाषणानंतर कुणी आपल्या वागण्यात काही बदलणार आहे, तेवढंच तपासा. दीर्घिका किती दूर आहे यावर कुणाचं औषध बंद होत नाही. झोप, आहार, ताण, श्वास, उपवास यांवर ऐकलं की होऊ शकतं. आणि चालू औषधाचा प्रश्न आला तर तो गटात सोडवायचाच नाही, स्वतःच्या डॉक्टरांकडे न्यायचा, हा नियम पहिल्याच दिवशी करा. तुमच्या नर्सताई तो नीट समजावून सांगतील.

तपासताना मी पुढच्या गोष्टी बघतो. अभ्यास किती लोकांवर झाला? ते लोक कोण होते? दुसऱ्या कुणी तो पुन्हा करून पाहिला का, आणि काय निघालं? माणसांना चिठ्ठ्या टाकून गटांत विभागून प्रयोग केला होता, की लोक जसे जगतात तसं नुसतं निरीक्षण होतं? वक्ता त्याच विषयाचा कोर्स किंवा गोळ्या विकतो का? भाषणाची लिखित प्रत मिळत असेल तर ती वाचा, किश्श्याचा प्रभाव वाचताना कमी होतो. आणि भाषण कोणत्या सालचं आहे ते नेहमी मोठ्याने सांगा. तुमच्या उदाहरणातलं भाषण २०१२ चं, त्यावरचा मोठा आक्षेप २०१५ चा. व्हिडिओ जसाच्या तसा राहतो, विज्ञान पुढे सरकलेलं असतं.

आकडा फार गोल आणि सोयीचा असला तरी थांबावं. '२१ दिवसांत सवय लागते' हे किती वेळा ऐकतो आपण! फिलिपा लॅली यांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ९६ जणांमध्ये, सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एकविसाव्या दिवशी 'मला जमत नाही' म्हणून सोडून देणाऱ्याला हे कळणं किती गरजेचं आहे!

कोरांटी :

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच मिनिटं लिहिण्याची कल्पना लगेच अमलात आणते. पण एक शंका आहे आणि ती मला खरंच छळते आहे. काकांनी मन मोकळं केलं ते रॉबर्ट वॉल्डिंगर यांच्या एकटेपणा आणि नात्यांवरच्या भाषणानंतर. आता मी 'पुरावा काय?' असं विचारायला लागले तर त्यांना आपल्यावरच शंका घेतल्यासारखं वाटेल का?

निळासावळा :

ताई, क्रम बदला. आधी 'तुमच्या मनात काय आलं' आणि त्याला पुरेसा वेळ. माणूस स्वतःच्या आयुष्याबद्दल जे बोलतो ते तपासायचं नसतं, ऐकायचं असतं. मग चहा-पाण्यासारखी छोटी सुट्टी, आणि त्यानंतर वक्त्याचा दावा. दोन्ही एकाच दमात घेतलं की गल्लत होते.

शिवाय ते भाषण तपासणीला घाबरण्यासारखं नाही. वॉल्डिंगर ज्या हार्वर्डच्या अभ्यासाबद्दल बोलतात तो १९३८ पासून चालू आहे. ७२४ पुरुषांपासून सुरुवात झाली, काही हार्वर्डचे विद्यार्थी आणि काही बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली मुलं. इतकी वर्षं तीच माणसं धरून ठेवणारे अभ्यास फार थोडे आहेत. चांगल्या नात्यांची माणसं जास्त सुखी आणि निरोगी दिसली, हे निरीक्षण भक्कम आहे. मर्यादा दोन सांगा : सुरुवातीला त्यात बायका नव्हत्या, आणि नात्यांमुळे तब्येत सुधारते की तब्येत चांगली असलेल्यांना नाती टिकवणं सोपं जातं, हे नुसत्या निरीक्षणातून पूर्ण वेगळं काढता येत नाही. यातलं काहीही काकांच्या बोलण्याला खोटं ठरवत नाही.

अनवट :

आणि तो पुराव्याचा रकाना काकांनाच वाचून दाखवायला सांगा ना. ज्याला विषय जिव्हाळ्याचा, तो बारकाईने ऐकतो.

कोरांटी :

हे फार आवडलं. येत्या बैठकीत तेच भाषण पुन्हा लावते, या वेळी कागद-पेन घेऊन. काकांना आजच फोन करून विचारते. ज्या मुलीने मुलाखतीसाठी ती पोझ धरली होती, तिला २०१५ चा अभ्यास सोप्या भाषेत समजावून सांगायचा आहे. संप्रेरकं बदलली नाहीत, पण तसं उभं राहिल्यावर लोकांना स्वतःला जास्त समर्थ वाटलं, एवढं त्यातही दिसलं होतं असं वाचलं. ते बरोबर आहे ना? कुणी मूळ निबंध वाचला असेल तर कृपया इथेच लिहा.