मदत हवी आहे: लाटेखाली दम पुरत नाही, सराव कसा करावा?

नमस्कार मंडळी. इथे पोहणारे, डॉक्टर, योगवर्ग घेणारे असे सगळेच आहेत, म्हणून इथेच विचारते आहे. थोडं लांबेल, पण नीट सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळणार नाही.

मी चाळिशीची, सॅन फ्रान्सिस्कोत राहते. पाच वर्षांपूर्वी पॅसिफिकाच्या लिंडा मार किनाऱ्यावर सर्फिंग शिकले. तिथल्या लाटा नवख्याला सांभाळून घेतात. गेल्या हिवाळ्यापासून ओशन बीचला जायला लागले. तो किनारा वेगळा आहे. सरळसोट वाळू, आत जायला ठरलेली वाट नाही आणि हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधल्या वादळांनी उठवलेल्या लाटा थेट वाळूच्या बांधांवर येऊन फुटतात. पाणी हाडं गोठवणारं, जाड वेटसूट घालूनही.

जानेवारीत एका सकाळी लाटा माणसाच्या उंचीच्या दीडपट होत्या. मी उभी राहायला क्षणभर उशीर केला, बोर्डचं नाक पाण्यात घुसलं आणि मी छातीवर आपटले. होता नव्हता तो श्वास तिथेच निघून गेला. मग लाट अंगावर. वर कुठे, खाली कुठे कळेना. पायाची लीश, म्हणजे बोर्डला बांधलेली दोरी, ताणलेली, आणि हातपाय मारावे तर पाणी हाताला लागेचना, नुसता फेस. कशीबशी वर आले, अर्धा श्वास घेतला, त्यातही पाणीच जास्त, आणि मागची लाट कोसळली. परत खाली. त्या दुसऱ्या वेळी मला खरोखर वाटलं की आता संपलं.

माझ्या हिशेबाने मी दोन-तीन मिनिटं पाण्याखाली होते. नवरा किनाऱ्यावरून व्हिडिओ घेत होता. घरी येऊन आम्ही मोजलं. पहिल्यांदा ११ सेकंद, मग डोकं वर जेमतेम २ सेकंद, मग १४ सेकंद. बस्स, एवढंच.

मला छळतं ते हेच. घरी सोफ्यावर आडवी पडून मी २ मिनिटं ४० सेकंद श्वास रोखते. लहानपणी वाईजवळ आजोळच्या विहिरीत मामेभावांबरोबर बुडी मारून तळाची माती आणायची पैज लागायची, तेव्हाही मी मागे नसायचे. मग ११ सेकंदांत जीव इतका कासावीस का झाला?

त्यानंतर मी सोसायटीच्या तलावात एकटीने पाण्याखालून पोहायचा सराव सुरू केला. आधी भराभर दहा-पंधरा मोठे श्वास घ्यायचे, मग बुडी. त्याने अंतर वाढलंही. पण परवा एका आजींनी मला थांबवून भिंतीवरची पाटी दाखवली: पाण्याखाली श्वास रोखून धरायला मनाई. मला राग आला, पण त्यांच्या चेहऱ्यावरची भीती खरी होती.

आत्या पुण्याहून म्हणते, रोज भस्त्रिका आणि कुंभक कर, पाण्यात उतरण्याआधीही कर. इथली सर्फर मंडळी कार्बन डायऑक्साइडच्या तक्त्यांबद्दल बोलतात. काय करू? मला मॅव्हरिक्सच्या अजस्र लाटांवर जायचं नाही. ते इथून अर्ध्या-पाऊण तासावर आहे, आणि १९९४ साली तिथे मार्क फू आणि २०११ साली सायन मिलोस्की हे निष्णात सर्फर दगावले, हे मला ठाऊक आहे. मला फक्त माझ्या लाटांमध्ये घाबरून न जाता परत वर यायचं आहे.

प्रतिसाद

ताई, सगळ्यात आधी एक विनंती. तलावातला तो सराव आजच बंद करा. मी भूलतज्ज्ञ आहे, श्वास हाच माझा रोजचा विषय. त्या आजींनी तुमच्यावर उपकार केलेत.

कारण समजून घ्या. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः ऑक्सिजन संपतो म्हणून नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो म्हणून. निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजन आधीच ९७-९८ टक्के भरलेला असतो. भराभर श्वास घेऊन त्यात फारशी भर पडत नाही. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे तुम्ही टाकी मोठी केली नाहीत, धोक्याची घंटा तेवढी काढून टाकलीत. मग ‘आता वर चल’ असं शरीराने सांगायच्या आत मेंदूचा ऑक्सिजन संपतो आणि माणूस शुद्ध हरपतो. धडपड नाही, हाक नाही. काठावरच्याला वाटतं पोहतोच आहे. अशा घटनांमध्ये उत्तम पोहणारे तरुण कमरेएवढ्या पाण्यात दगावले आहेत.

म्हणून आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा, पण पाण्यात उतरण्याआधी भस्त्रिका नको म्हणजे नकोच. तोही भराभर श्वासच. एरवी घरी, कोरड्यावर, बसून करायला हरकत नाही. सावकाश, लांब रेचक, म्हणजे श्वास सोडणं, मात्र तुमच्या कामाचा आहे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, आणि लाटांची वाट बघत बोर्डवर बसलेलं असताना नेमकं तेच हवं.

आता तुमचे ११ सेकंद. सोफ्यावर नाडी साठ-सत्तर, स्नायू सैल, फुप्फुसं भरलेली. त्या दिवशी तुम्ही जीव तोडून पॅडल करून आला होतात, नाडी बहुधा १५० च्या आसपास, छाती आपटून श्वास निघून गेलेला आणि वर थंड पाण्याचा धक्का. स्नायू ऑक्सिजन खात होते आणि कार्बन डायऑक्साइड आधीच चढलेला होता. घंटा पहिल्याच सेकंदाला वाजू लागली. पण घंटा वाजली म्हणजे टाकी रिकामी झाली असं नव्हे. २५ सेकंदांनंतर तुम्ही शुद्धीवर होतात, पोहत होतात, हा पुरावा तुमच्याच व्हिडिओत आहे.

प्रतिसाद

वरच्या डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. मी फ्रीडायव्हिंगचं, म्हणजे एका श्वासावर खोल बुडी मारण्याचं, रीतसर शिक्षण घेतलं आहे आणि अधूनमधून सर्फही करते, म्हणून सरावापुरतं लिहिते.

कोरडे तक्ते घरी करता येतात. पलंगावर किंवा जमिनीवर आडवं होऊन, रिकाम्या पोटी. कार्बन डायऑक्साइडच्या तक्त्यात रोखायचा वेळ तोच ठेवायचा आणि मधली विश्रांती कमी करत न्यायची. तुमची कमाल २:४० आहे, तर निम्म्याने, म्हणजे १:२० रोखा. पहिली विश्रांती २ मिनिटं, मग दर वेळी १५ सेकंदांनी कमी. आठ फेऱ्या. पाचव्या-सहाव्या फेरीत छाती-पोटामधला पडदा आपोआप उसळू लागेल. घाबरू नका. ते उसळणं ओळखीचं करून घेणं हाच या तक्त्याचा खरा उपयोग. आठवड्यातून तीनदा पुरे. चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या की त्या दिवशी थांबायचं. गाडी चालवताना किंवा न्हाणीघरात कधीही नाही.

दुसरा सराव चालण्याचा. गवतावर, सोबत कुणीतरी असताना, श्वास रोखून सावकाश पावलं टाकायची. स्नायू वापरात असताना रोखणं हे लाटेखालच्या अवस्थेच्या जास्त जवळ जातं. २ मिनिटं ४० सेकंदांचे ३ मिनिटं झाले तर छान, पण ओशन बीचला त्याने फार फरक पडणार नाही. स्टेफान मिफ्सूने २००९ साली ११ मिनिटं ३५ सेकंद श्वास रोखला होता, तो निश्चल तरंगत. तो खेळच वेगळा.

पाण्यातला सराव मात्र शिकलेल्या जोडीदाराशिवाय नाही. जीवरक्षक काठावर आहे हे पुरेसं नाही. एक जण पाण्याखाली तेव्हा दुसऱ्याचं लक्ष फक्त त्याच्यावर, आणि तो वर आल्यावरही अर्धा मिनिट, कारण शुद्ध कधी कधी वर आल्यावर हरपते. वर आल्यावरचा श्वासही शिकावा लागतो. आधी जोरात सगळी हवा सोडून द्यायची नाही. पटकन आत घ्यायचा, क्षणभर धरायचा, थोडासा सोडायचा, परत घ्यायचा. तुमच्या त्या दोन सेकंदांत हेच हवं होतं.

आणि लाटेखाली: पहिले काही सेकंद लढू नका. फेसात हवा मिसळलेली असते, हात मारून उपयोग नसतो, ऑक्सिजन तेवढा जळतो. हातांनी डोकं झाका, अंग गोळा करा, लाटेला जाऊ द्या. पकड सैल झाली की मग वर. दिशा कळली नाही तर लीश चाचपा. बोर्ड तरंगतो, त्यामुळे लीश बहुतेक वेळा वरच नेते.

शक्य असेल तर सर्फरांसाठीचा दोन दिवसांचा वर्ग करा, आणि नवऱ्याला सोबत न्या.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून मी रात्री बराच वेळ झोपले नाही. एकटी, बंद तलावात, पंधरा मोठे श्वास. पाच-सहा वेळा केलं होतं मी ते. सकाळी त्या आजींच्या दारी जाऊन माफी मागून आले. त्यांच्या पुतण्याचा तलावात अपघात झाला होता, एवढंच त्या बोलल्या. पुढे मी विचारलं नाही.

आत्यालाही फोन केला. ती म्हणाली, मग नुसता लांब श्वास सोड आणि रामरक्षा म्हण. तेही करणार आहे.

काल पहिला तक्ता केला. नवरा घड्याळ घेऊन शेजारी बसला होता. सहाव्या फेरीत पोट उसळायला लागलं आणि तीच जानेवारीची भावना जशीच्या तशी आली, छातीत, गळ्याशी. पण या वेळी मी गादीवर होते. सातवी फेरी पूर्ण केली, आठवीला थांबले.

वर्गात आम्हा दोघांची नावं घातली आहेत. तोवर ओशन बीच बंद, फक्त लिंडा मार. फ्रीडायव्हर ताई, एक राहिलं: लाटेखाली माझा डावा कान फार दुखला होता आणि दोन दिवस दडा बसल्यासारखा होता. खोल गेले नसेन, फार तर तीन-चार मीटर. इतक्यातही दाब सारखा करावा लागतो का, आणि गडगडत असताना तो करायचा कसा?