केल्टिक अभ्यास म्हणजे ‘मेलेल्या भाषांचे लाड’?

ओसाडगावकर
परवा ‘रोखठोक’ यांनी नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाबद्दल लिहिलं. पैशांची ओढाताण म्हणून नोव्हेंबर 2024 मध्ये तिथले काही पदवी अभ्यासक्रम बंद करायचं ठरलं, त्यात केल्टिकही आहे, म्हणजे आयरिश, वेल्श, मँक्स अशा एका कुळातल्या भाषांचा अभ्यास. त्यावर यांचं म्हणणं: ‘बरं झालं. मेलेल्या भाषांचे लाड करदात्यांच्या पैशातून कशाला? आणि केल्ट नावाचे लोक तरी खरे होते का?’ प्रतिसाद द्यायला बसलो, तो लांबला, म्हणून वेगळा धागा काढतोय.

तिथे हा विषय 1923 पासून शिकवतात. नेदरलँड्समध्ये ही पदवी दुसरीकडे कुठेही मिळत नाही. लाड म्हणता, तर हे लाड काय करतात ते बघा. प्राचीन आयरिश त्या काळच्या पोथ्यांत टिकली ती बरीचशी आयर्लंडबाहेर. आयरिश भिक्षू लॅटिन पोथ्या घेऊन युरोपात गेले आणि अवघड शब्दांच्या डोक्यावर आपल्या भाषेत अर्थ लिहीत राहिले. वुर्झबुर्ग, मिलान, सेंट गालन इथल्या पोथ्यांमधल्या त्या बारीक टिपा योहान कास्पर त्सॉइस नावाच्या बव्हेरियन माणसाने एकेक करून सोडवल्या आणि 1853 मध्ये त्यांचं व्याकरण लिहिलं. त्याआधी त्या टिपा धड लावता येणारं कोणी नव्हतं. तेव्हाही कोणी विचारलंच असेल, याचा उपयोग काय?

रोखठोक
माझ्या तोंडी नको ते घालू नका. त्सॉइसबद्दल आदर आहे. पण ते काम झालं, छापलं, संपलं. दरवर्षी नवीन पोरं त्यात कशाला ढकलायची? मी स्वतः भाषाशास्त्रात एम. ए. आहे. वर्गात सहा जण होतो. आज त्यातला एकही त्या क्षेत्रात नाही. मी विम्याचे दावे तपासतो. ‘ज्ञानासाठी ज्ञान’ म्हणणाऱ्यांनी आमचं घरभाडं भरलं नाही.

आणि ‘केल्ट’चं काय? कुठल्याही प्राचीन लेखकाने आयर्लंड-ब्रिटनच्या लोकांना केल्ट म्हटलेलं नाही. सीझर केल्ट म्हणतो ते गॉलमधल्या लोकांना. हे सगळे एका घरचे, ही मांडणी रूढ झाली एडवर्ड लुइड या वेल्श अभ्यासकाच्या 1707 च्या पुस्तकापासून.

ओसाडगावकर
मग ‘द्राविडी’ तरी कुठून आलं? काल्डवेलने 1856 मध्ये संस्कृतातला शब्द उचलून त्या कुळाला दिला. म्हणून तमिळ-तेलुगूचं नातं खोटं ठरतं का? नाव मागाहून दिलं म्हणजे नातं मागाहून जन्माला येत नाही. प्राचीन आयरिशमध्ये राजा म्हणजे ‘री’, दहा म्हणजे ‘देख’, तीन म्हणजे ‘त्री’. संस्कृतही त्याच मोठ्या कुळातली, म्हणून राजा, दश, त्रि आठवतात. हे काय 1707 मध्ये बनवलं?

रोखठोक
भाषांचं नातं मान्य, ते मी कधी नाकारलं? लोक, संस्कृती, ‘केल्टिक आत्मा’, हे सगळं त्या नात्यावर चढवलं जातं, त्याला माझा विरोध आहे.

ओसाडगावकर
मग त्याला विरोध करणारी माणसंही त्याच विभागांतून येतात. ‘केल्ट’ शब्द जपून वापरा हे सगळ्यात नेमकं सांगतात ते केल्टिकचेच प्राध्यापक. विभाग बंद केलात की उरतील फक्त ताईत आणि टॅटू विकणारे.

कार्डिफकर
‘मेलेल्या’ या शब्दावर माझा आक्षेप. 2021 च्या जनगणनेत वेल्समध्ये साधारण 5 लाख 38 हजार लोकांनी वेल्श येतं असं सांगितलं, म्हणजे 17.8 टक्के. त्यानंतर त्यात माझ्या मुलीची भर पडली आहे.

ती वेल्श माध्यमाच्या शाळेत जाते. घरी मराठी. पहिल्या वर्षी तिने एक कोडं घरी आणलं. मांजर म्हणजे ‘काथ’. पण ‘त्याचं मांजर’ म्हणजे ‘इ गाथ’, आणि ‘तिचं मांजर’ म्हणजे ‘इ खाथ’. त्याचं आणि तिचं, दोन्हींना शब्द एकच, ‘इ’. मांजर कोणाचं ते मांजराच्या पहिल्या अक्षरावरून कळायचं! मी हैराण. तर ती म्हणते, ‘आई, आपण घोडाला म्हणत नाही, घोड्याला म्हणतो, तसंच. फक्त हे पुढून बदलतात.’ सात वर्षांची पोर. सामान्यरूप मला कोणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

रोखठोक
मुलगी गुणी आहे. पण वेल्श जिवंत आहे म्हणून प्राचीन आयरिशला पैसे द्यायचे हा न्याय कुठला? आयल ऑफ मॅनची मँक्स घ्या. ती मातृभाषा म्हणून बोलणारा शेवटचा माणूस, नेड मॅड्रेल, 1974 मध्ये गेला. कोणत्या विभागाने वाचवली?

ओसाडगावकर
1948 मध्ये आयरिश लोककथा आयोगाची माणसं ध्वनिमुद्रणाचं अवजड यंत्र घेऊन त्या बेटावर गेली आणि मॅड्रेलसारख्या उरलेल्या म्हाताऱ्यांचे आवाज टिपून ठेवले. आज तिथे मँक्स माध्यमाची प्राथमिक शाळा आहे. मुळातला उच्चार कानाने ऐकायचा तर अशीच मुद्रणं. ‘उपयोग नाही’ म्हणून ते यंत्र डब्लिनलाच ठेवलं असतं तर?

मोडीवाचक
तुम्ही वेल्स-आयर्लंडचं घेऊन बसलात, इथे घरात काय चाललंय? आजोबांचं वाटणीपत्र मोडीत आहे. वाचणारा शोधायला आठ महिने गेले. एकाने ‘तिसरा हिस्सा’ वाचला, दुसऱ्याने ‘निम्मा’. भाऊबंदकी पेटली ती आजतागायत विझलेली नाही. मराठीला 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला. दफ्तरखान्यातले रुमाल सोडून वाचणारी माणसं कधी मिळणार? त्यावर काढा धागा.

रोखठोक
हेच मी म्हणतोय! आधी घरचं.

मोडीवाचक
नाही, तुम्ही हे म्हणत नाही आहात. तुमच्या हिशेबाने मोडीचाही वर्ग बंदच होईल, विद्यार्थी मोजून चार असतात. माझं नाव तुमच्या बाजूला लावू नका.

वकील_कराड
अवांतर आहे, पण राहवत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882. कलम 58, गहाणाचे प्रकार. तीस वर्षं रोज हाताळतोय. तो झाला तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात कायदा सदस्य होता व्हिटली स्टोक्स. हाच माणूस त्या काळातला प्राचीन आयरिशचा मोठा पंडित! ट्यूरिन, व्हिएन्ना इथल्या आयरिश टिपांवरचं त्याचं पुस्तक 1866 मध्ये छापलं गेलं कलकत्त्याला. हे मला पन्नाशीनंतर कळलं.

दुसरी गोष्ट. जुन्या आयरिश कायद्यात ‘त्रोस्कद’ आहे. राजा, सरदार, मोठा कवी, अशा बड्या माणसाकडून येणं असेल तर थेट जप्ती नाही. आधी त्याच्या दारात उपाशी बसायचं. त्याने तारण न देता खुशाल जेवण केलं तर दुप्पट देणं लागायचं. हे धरणंच की! हेन्री मेनने 1875 मध्ये दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं. तोही इथला माजी कायदा सदस्य. आणि 1860 च्या दंडसंहितेच्या कलम 508 खालचं उदाहरण काढून बघा: दारात धरणं धरून देवाच्या कोपाची भीती घालणं.

रोखठोक
इथे थांबा. दारात उपाशी बसणं माणसाला कुठेही सुचेल. ते पाच हजार वर्षांपूर्वीच्या एका आजोबांकडून आलं हे सिद्ध कसं करणार? शब्द जुळतात का? ‘धरणं’ आणि ‘त्रोस्कद’, काडीचा संबंध नाही.

वकील_कराड
रीत जुळते. समोरचा बडा, आपल्या हातात बळ नाही, म्हणून आपलीच भूक त्याच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवायची आणि त्याला जेवायची चोरी करायची. माझ्या पणजोबांनी सावकाराच्या ओट्यावर अशी दोन रात्री काढलेली आहेत. घरात अजून सांगतात की सावकाराच्या बायकोने चूल पेटवली नाही.

रोखठोक
पणजोबा पुरावा नव्हेत, वकीलसाहेब. तुम्हीच कोर्टात चालू दिलं असतं का?

ओसाडगावकर
नसतंच दिलं, आणि या एका मुद्द्यावर रोखठोक यांचं बरोबर आहे, हे मला नाइलाजाने लिहावं लागतंय. दोन्ही रिवाज एकाच मुळाचे असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण ते तपासायला आयरिश कायद्याची मूळ वचनं लावता येणारा माणूस लागतो. तो तयार व्हायला दहा वर्षं जातात.

रोखठोक
ठीक आहे. ‘मेलेल्या’ हा शब्द मागे घेतो, कार्डिफच्या मुलीसाठी. ‘काम संपलं’ हेही घाईत लिहिलं. पैशाचं मात्र मागे घेत नाही. त्या दहा वर्षांनंतर त्या पोराला नोकरी कोण देणार, याचं उत्तर इथे कोणीही दिलेलं नाही.

वकील_कराड
त्या टिपा घरबसल्या बघता येतात का? एकदा डोळ्यांनी बघायचंय.

ओसाडगावकर
येतात. सेंट गालनची 904 क्रमांकाची पोथी, संपूर्ण ऑनलाइन आहे. पान 112 काढा आणि समासात बघा. नवव्या शतकातल्या कोणा भिक्षूने व्याकरण उतरवता उतरवता चार ओळी लिहिल्यात: आज रात्री वारा फार बोचरा आहे, समुद्राचे पांढरे केस विस्कटतोय, म्हणजे अशा रात्री उत्तरेकडचे लुटारू येण्याची भीती नाही.