फॅटी लिव्हरच्या प्रयोगांतून एमसीडी आहार हद्दपार करायला हवा

यकृतवेध
कोलीन आणि मेथिओनीन ही दोन पोषकद्रव्यं वगळलेला एमसीडी आहार उंदराला दिला, की दोन-चार आठवड्यांत यकृतात चरबी साचते आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास सूज आणि फायब्रोसिसही (यकृतात व्रणासारखे तंतू साचणं) दिसतो. झटपट निकाल मिळतो म्हणून तो वापरला जातो, पण माणसाचा आजार हा नव्हे. कोलीन नसलं की त्यापासून बनणारं फॉस्फॅटिडिलकोलीन अपुरं पडतं, त्यावाचून यकृताला व्हीएलडीएल, म्हणजे चरबी रक्तात वाहून नेणारे कण, नीट बाहेर धाडता येत नाहीत आणि चरबी जागीच अडकते. माणसात मुळात आवकच जास्त असते: पोटाच्या चरबीतून सुटलेली फॅटी ॲसिड्स आणि साखरेपासून यकृताने स्वतः बनवलेली चरबी. वर हा उंदीर वाळत जातो. वजन तिसऱ्या हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त उतरतं, रक्तातली ट्रायग्लिसराइड्स घटतात, इन्सुलिनला प्रतिसाद मात्र चांगला राहतो. २०२३ मध्ये आजाराच्या नावातच ‘मेटाबॉलिक’, म्हणजे चयापचयाचा, हा शब्द आला. ज्या उंदरात तो बिघाडच नाही, त्याच्यावर औषध लागू पडलं म्हणून माणसात पडेल असं कशावरून म्हणायचं?

सिरियस_रेड
साफ असहमत. मॉडेल कशासाठी वापरता ते आधी ठरवा. यकृतातल्या स्टेलेट पेशी फायब्रोसिसचं कोलॅजन कशा बनवतात एवढाच प्रश्न असेल, तर इन्सुलिनचं काय चाललंय हे दुय्यम आहे. ६० टक्के ऊर्जा चरबीतून देणारा आहार १६ आठवडे द्या: उंदीर लठ्ठ होतो, इन्सुलिन चढतं, पण कोलॅजन लाल रंगवणाऱ्या सिरियस रेडच्या स्लाइडवर शिरांभोवतीचा नेहमीचा लाल काठ सोडला तर फारसं काही नसतं. फायब्रोसिस हवा तर ४० टक्के चरबी, २० टक्के फ्रुक्टोज आणि २ टक्के कोलेस्टेरॉलचा आहार २६ ते ३० आठवडे चालवावा लागतो. अर्धं वर्ष पिंजरे अडकतात. आणि ते २ टक्के कोलेस्टेरॉल तरी कुठल्या माणसाच्या ताटात असतं?

यकृतवेध
वेळच वाचवायचा असेल तर ०.१ टक्के मेथिओनीन ठेवून कोलीन काढलेला ६० टक्के चरबीचा आहार आहे. त्यात वजन टिकतं, तरी काही आठवड्यांत फायब्रोसिस येतो. बहुतेक प्राणी-नीती समित्या २० टक्के वजन घटलं की प्रयोग थांबवायला सांगतात. एमसीडी ती रेषा सहज ओलांडतो.

सिरियस_रेड
वजनाचा मुद्दा मान्य. पण तिथेही कोलीन काढलेलंच आहे, म्हणजे तुमचा मूळ आक्षेप जसाच्या तसा उरतो. उद्या कोणी पाश्चात्त्य आहारासोबत आठवड्याला एकदा कार्बन टेट्राक्लोराइड टोचायला सांगेल. १२ आठवड्यांत फायब्रोसिस येतो खरा, पण त्यात फसगत आहे. ते रसायन यकृतात सायटोक्रोम २ई१ या एन्झाइममुळे विषारी होतं. तुमचं औषध तेच एन्झाइम दाबत असेल तर इजाच कमी होते आणि तुम्ही समजता औषधाने फायब्रोसिस रोखला. आणखी एक: एलाफिब्रानॉर या औषधाचा गुण लठ्ठ उंदरांतही दिसला होता. तरी २०२० मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ते पडलं. लठ्ठ उंदीर म्हणजे खात्री नव्हे.

पिंजऱ्यापाशी
आहारावरून भांडण चाललंय, पण निकाल बिघडतात ते भलत्याच ठिकाणी. एमसीडीचा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा गट, साध्या खाद्यावरचा नव्हे. त्याला तोच आहार, कोलीन आणि मेथिओनीन परत घालून. साध्या खाद्यात तंतू, साखर, सगळंच वेगळं, मग फरक कशाचा ते कळत नाही. दुसरं, जनुक काढलेला उंदीर ६एन वंशाचा आणि कंट्रोल ६जे चा (सी५७बीएल/६ या प्रयोगशाळेतल्या उंदरांचे दोन उपवंश), हे सर्रास होतं. ६जे मध्ये एनएनटी जनुक निकामी आहे, त्यामुळे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातच फरक असतो.

चरबीयुक्त खाद्याच्या गोळ्या मऊ असतात, भुगा होऊन खालच्या भुश्शात पडतात. उरलेल्या गोळ्या तोलून ‘एवढं खाल्लं’ लिहिलंत तर आकडा फुगतो. खाद्य थंडीत ठेवा, पिंजऱ्यातलं आठवड्यातून दोनदा बदला, नाहीतर खवट होतं. शेवटच्या दिवशी रात्रभर उपाशी ठेवू नका, ४ ते ६ तास पुरे. रात्रभराच्या उपासाने निरोगी उंदराच्या यकृतातही चरबी चढते. दर वेळी यकृताच्या एकाच खंडाचा तुकडा घ्या. आणि चरबी रंगवणाऱ्या ऑइल रेड ओ साठी गोठवलेला छेद हवा, पॅराफिनच्या प्रक्रियेत चरबी धुऊन जाते.

दुपारचा_ओपीडी
आपल्याकडे सडपातळ माणसांतही फॅटी लिव्हर दिसतं. मग वाळलेला एमसीडी उंदीर त्यांच्या जवळचा नाही का?

यकृतवेध
नाही, आणि ही गल्लत महागात पडेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे संशोधक युडकिन यांचा २००४ चा फोटो आठवा. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. आपला सडपातळ रुग्ण आतून चरबीने भरलेला असतो आणि त्याचं इन्सुलिन नीट काम करत नाही. एमसीडी उंदराच्या अंगावरची चरबी झडलेली असते आणि इन्सुलिन उत्तम चालतं. दिसायला दोघे बारीक, आत नेमकं उलटं.

सिरियस_रेड
हे पटलं. सडपातळ रुग्णासाठी एमसीडी नको. तरी हद्दपारीला माझा विरोध कायम. फायब्रोसिसच्या यंत्रणेसाठी वापरा. औषधाचा दावा करायचा तर सोबत फ्रुक्टोज-कोलेस्टेरॉलचा लांब पल्ल्याचा गट ठेवा, आणि औषध सुरू करण्याआधी बायॉप्सी करून फायब्रोसिस बसलेलेच उंदीर निवडा.