‘फीड’ला दर वेळी ‘खायला घालणे’ कसं चालेल?

मंजिरी_अ
मंडळी मदत हवीये. नव्याने आई झालेल्यांसाठीचं एक माहितीपत्रक इंग्रजीतून मराठीत करतेय आणि त्यात फीड हा शब्द पावलोपावली येतो, कधी क्रियापद कधी नाम, आणि डिक्शनरी ‘खायला घालणे, चारणे, पोसणे’ एवढं देऊन मोकळी. आता तान्ह्या बाळाला ‘चारणे’ कसं लिहू? त्यात ‘द बेबी फीड्स एव्हरी टू टु थ्री अवर्स’ असं एक वाक्य आहे, तिथे तर डोकंच चालेना, बाळ कोणाला भरवतंय?? शिवाय नरिश, नर्चर, सस्टेन हे तिन्ही एकाच परिच्छेदात आलेत. सगळ्यांना ‘पोषण’ लिहिलं तर चालेल का?

तिरपी_रेघ
बाळ कोणालाच भरवत नाहीये, ते स्वतः पितंय :) फीडला कर्म नसेल तर खाणारा किंवा पिणाराच कर्ता असतो, गाय फीड्स म्हणजे चरते, बाळ फीड्स म्हणजे दूध पितं. तुमचं वाक्य सरळ ‘बाळ दर दोन-तीन तासांनी दूध पितं’. मोठ्या माणसाबद्दल मात्र असं सहसा म्हणत नाहीत, म्हटलं तर चेष्टेत.

बाकी इंग्रजी एका शब्दात भागवतं तिथे आपण कोण कोणाला काय देतंय ते बघून क्रियापद बदलतो. दूध असेल तर पाजणे, हाताने घास द्यायचा तर भरवणे, माणसांना पोटभर वाढायचं तर जेवू घालणे, गुरांना चारा घालणे, पाखरांना दाणे टाकणे, आणि वर्षानुवर्षं कोणाचा भार उचलायचा असेल तर पोसणे. ‘फाइव्ह माउथ्स टु फीड’ला ‘पाच तोंडं पोसायची आहेत’ हेच बरोबर बसतं. (चारणे माणसांनाही चालतं म्हणा, पण ते पैसे!)

नाम म्हणून आलं की वाक्य मोडून लिहा. ‘आफ्टर ईच फीड’ला ‘प्रत्येक आहारानंतर’ नको, कोणती आई असं बोलते? ‘दर वेळी पाजून झालं की बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढा’ असं करा. ब्रेस्टफीड म्हणजे अंगावर पाजणे, फारच सरकारी कागद असेल तर स्तनपान. टॉप फीड म्हणजे वरचं दूध. आणि एक्सक्लुझिव्ह ब्रेस्टफीडिंगला नुसतं ‘स्तनपान’ लिहून सोडू नका, कारण पहिले 6 महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे आणि सगळा जोर त्या ‘फक्त’वर आहे, डॉक्टरांनी दिलेलं औषध तेवढं चालतं. ‘निव्वळ अंगावरचं दूध, पाणीही नाही’ असं उघड लिहा. 6 महिन्यांनंतरचं कॉम्प्लिमेंटरी फीडिंग म्हणजे वरचा आहार, म्हणजे आईच्या दुधाच्या जोडीला. वरचं दूध आणि वरचा आहार यात वाचणारीचा घोळ होऊ देऊ नका.

शब्दवेडा_७
तिन्हींना पोषण नको. फीड केलं म्हणजे पोटात काहीतरी गेलं, नरिश म्हणजे जे गेलं ते अंगी लागलं. पोट भरूनही माणूस मॅलनरिश्ड असू शकतो, अगदी वजन जास्त असलेलासुद्धा, म्हणून अंडरफेड आणि मॅलनरिश्ड हे एकमेकांच्या जागी टाकता येत नाहीत, पहिला उपाशी किंवा अर्धपोटी, दुसरा कुपोषित. वेल-फेडमध्ये ‘गुबगुबीत’ अशी हलकी छटा येते, वेल-नरिश्डमध्ये नाही. नर्चर खाण्यापुरतं नाही, वाढवणं, माया लावणं सगळंच त्यात, म्हणून संगोपन. सस्टेन म्हणजे टिकवून धरणं, एवढ्यावर जीव तगेल असं.

मजा म्हणजे नरिश, नर्चर, न्यूट्रिशन आणि नर्ससुद्धा एकाच लॅटिन मुळाचे. फीडचं घराणं वेगळं, अस्सल जुनं इंग्रजी, फूड आणि फॉडर त्याचे सख्खे. फॉस्टर पेरेंटमधला फॉस्टरही त्याच घरातला, मूळ अर्थ अन्न.

लेथवाला
विषय बाळाचा आहे माहितीये पण राहवत नाही. आमच्याकडे लेथवर फीड म्हणजे जॉब (कापायचा धातूचा तुकडा) एक फेरा फिरतो तेवढ्यात कापणारं टूल किती सरकलं ते, मिलिमीटरमध्ये. रफिंगला (आधीची ढोबळ कापणी) जास्त, फिनिशिंगला (शेवटचा गुळगुळीत हात) कमी, 0.1 च्या आसपास. नवीन पोरगा फीड वाढवून बसला की आधी आवाज बदलतो मग टूलचं टोक जातं. याला मराठीत कोणी काही म्हणत नाही, ‘फीड कमी कर रे’ एवढंच. शिलाई मशीनला कापड पुढे ढकलणारे दात असतात त्यांनाही इंग्रजीत फीड डॉग म्हणतात. विजेच्या लाइनवाल्यांचा फीडर (वीज पुरवणारी लाइन) ट्रिप होतो तोही यातलाच. मशीन असो का बाळ, थोडं थोडं देत राहायचं.

खिडकीजवळ
फेड अप राहिलं की. पोट तट्ट फुगेपर्यंत खाल्लं की शिसारी येते, तिथून ‘कंटाळणे, वैतागणे’. परीक्षेत फेड अप विथ लिहा, बोलताना ‘ऑफ’ पण ऐकू येतं. चिकन फीड म्हणजे मुळात कोंबडीचे दाणे, त्यावरूनच किरकोळ रक्कम. ‘बाइट द हँड दॅट फीड्स यू’ला आपलं ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणे’ आहेच. आणि मोबाइलवरचा फीड, फेसबुकने न्यूज फीड 2006 मध्ये आणला तेव्हापासून लोकांच्या तोंडी बसला, तिथे तर आपणच चरत असतो.

मंजिरी_अ
भारी! एकच अडलंय. ‘फीडिंग क्यूज’. मी ‘बाळ रडू लागताच पाजा’ असं केलंय, बरोबर आहे ना?

तिरपी_रेघ
नाही नाही, तेवढं बदलाच. भुकेच्या खुणा म्हणा. मुठी चोखणं, ओठ चाटणं, मान वळवून तोंडाने शोधत राहणं या त्या खुणा, रडणं सगळ्यात शेवटची. रडून रडून लाल झालेलं बाळ नीट तोंडात धरतही नाही, आधी शांत करावं लागतं, म्हणून माहितीपत्रकात बहुतेक रडायच्या आधीच पाजा असंच सांगितलेलं असणार. पुढची ओळ एकदा वाचून बघा.