मेळघाटात घरी बाळंतपण झालं की दोष कोणाचा?

सिपनाकाठ:
धारणीकडच्या एका गावात घरी जन्मलेलं बाळ पाचव्या दिवशी गेलं. लगेच ओळखीच्यांत तेच सुरू, "कोरकू आदिवासी ऐकत नाहीत, भुमकाकडेच जातात." भुमका म्हणजे गावातला पारंपरिक वैदू. मी याच भागात नऊ वर्षं शाळेवर आहे. बाईला दोष देणं आता बंद करा. जवळच्या दवाखान्यात गेली की "पुढे न्या" म्हणतात. पुढे म्हणजे अमरावती, दीडेकशे किलोमीटर, मधे सगळा घाट. घरी दोन लहान पोरं, नवरा मजुरीला. एका बाईने मला विचारलं होतं, "तिथे बाळ गेलं तर त्याला घेऊन परत कशी येऊ?"

परिचारिका_अकोट:
बाईला दोष नको, मान्य. पण घरचं बाळंतपण चालून जातं असा सूर लावू नका, हात जोडते. बाळ झाल्यावर वार आतच अडकली की आधी अंगाखालचं लुगडं भिजतं, मग चटई, मग जमीन. बाई पाणी मागते, हातपाय गार पडतात. तासा-दोन तासांत सगळं संपतं. तिथे दाई असो की मी, रक्ताची पिशवी नसेल तर दोघींचे हात सारखेच रिकामे. आणि डम्म्याचं काय? पोट फुगलं म्हणून विळा तापवून तान्ह्याच्या पोटावर चटके! त्या जखमा मी धुतल्या आहेत. हेही समजूनच घ्यायचं?

आरमोरीकर:
ताई, गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग या दांपत्याने 39 गावांत गावच्याच बायका तयार केल्या. बाळाचा श्वास मोजायचा, वजन करायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायचं. 1988 मध्ये तिथे हजारी 121 बाळं वर्षाच्या आत जात होती, 2003 मध्ये 30. ही बाळं घरातच वाचली. मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या 1993 पासून वाचतोय, 1995 ला आदिवासी भागासाठी सरकारची नवसंजीवनी योजनाही आली. दरवेळी शहाणपण गावाबाहेरूनच का यावं?

परिचारिका_अकोट:
ते बाळांचं झालं, दादा. दीड किलोच्या बाळाला आशाताई घरी जपू शकते, मीही तेच शिकवते. आईचा रक्तस्राव घरी थांबत नाही. या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

सिपनाकाठ:
डम्म्याची बाजू मी घेणार नाही, तो थांबलाच पाहिजे. पण भुमकाला हाकलून थांबणार नाही. रुग्ण दवाखान्यात पाठवणाऱ्या भुमकाला मानधन द्यायचा प्रयोग इथे झाला आहे, तो नेटाने चालवा. आणि माहेरघर! दिवस भरत आले की बाईने पोरांसह आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं, बुडालेली मजुरी मिळायची. किती चांगली कल्पना. मी पाहिलेल्या एका माहेरघरात सिमेंटची पोती रचलेली होती. त्या खोलीत दोन खाटा, एक चूल आणि सासूला झोपायला जागा द्या, मग विचारा बाई का येत नाही.

परिचारिका_अकोट:
चुलीचं पटलं. आमच्याकडे जेवण बाहेरून येतं आणि बायका ते तसंच ठेवतात.
बाळाला परत कसं आणायचं, हे मला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही. आम्ही गाडीत बसवायच्या घाईत विचारूच दिलं नसेल. उद्यापासून मीच सांगत जाईन, परतीची गाडी कोण करणार, बरोबर कोण येणार. पण वार अडकलेली बाई आली तर रडली, भांडली तरी मी तिला पुढे पाठवणारच.