मदत हवी आहे: कळ्या धरतात आणि गळतात, कुंडी नक्की कुठे ठेवू?

पालवी
तीन जागा बदलून झाल्या, आता हात टेकले. आणलं तेव्हा झाड फुलांनी लगडलेलं होतं. आठवड्याभरात फुलं बंद. कळ्या येतात, बोराएवढ्या होतात, देठाशी पिवळ्या पडतात आणि धक्का लागला की खाली. पाणी रोज घालते, खतही दिलंय. कोपऱ्यात ठेवू, कठड्याजवळ की दाराशी? लवकर सांगा, झाड हातचं जाईल अशी भीती वाटतेय.

गच्चीवरून
झाड कुठलं? मोगरा, जास्वंद, अँथुरियम, प्रत्येकाचं ऊन वेगळं. अँथुरियमला कडक ऊन दिलंत तर पानं करपतील, जास्वंद सावलीत नुसती पानं काढत बसेल.

रानवेल
माझं ऐका, बोगनवेल लावा. भरपूर ऊन द्या, पाणी बेतानं घाला, रंगानं गॅलरी भरून जाईल. ज्याला आपण फूल म्हणतो ती खरं तर रंगीत पानं असतात, खरं फूल मध्ये असतं, बारीक आणि पांढरट. म्हणून तो रंग इतके दिवस टिकतो.

पालवी
रानवेल, मला नवीन झाड नकोय, हेच वाचवायचंय. जास्वंद आहे, पिवळी, मोठ्या फुलाची, कलमी.

गच्चीवरून
आता कळलं. जास्वंदीला थेट ऊन साधारण सहा तास हवं. तुमच्या तिन्ही जागांना ऊन किती वेळ असतं? अंदाजानं सांगू नका. एका सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दर तासाला बघून लिहून ठेवा. आणि दिशा सांगा. उत्तर गोलार्धात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो. उन्हाळ्यात ऊन मिळणारी उत्तरेची गॅलरी तेव्हा दिवसभर सावलीत जाते.

मुळापासून
एवढं मोजमाप कशाला? बोनमील घाला दोन मुठी. माझ्याकडे गुलाबाला त्यानंच फरक पडला.

जास्वंदवेडा
बोनमील अजिबात नको! त्यात मुख्यतः फॉस्फरस असतो, आणि जास्वंदीला तो जास्त झालेला चालत नाही. तिला पोटॅश लागतं. पालवी, तुम्ही खत कुठलं दिलंत? नुसतं नत्राचं असेल तर पानं हिरवीगार होतील आणि फूल मागे पडेल.

मुळापासून
गुलाबाला चालतं ते जास्वंदीला का चालू नये?

पालवी
खत शेणखतच होतं, तेही थोडं. कृपया जागेचं सांगा. कठडा पूर्वेला, ऊन सकाळपासून साडेबारापर्यंत. दाराशी जेमतेम दोन तास. कोपरा पश्चिमेला, दुपारपासून ऊन. सध्या कोपऱ्यातच आहे.

ओसरी
पश्चिमच उत्तम. माझी जास्वंद पश्चिमेच्या भिंतीला आहे, दहा वर्षं फुलतेय.

गच्चीवरून
जमिनीत की कुंडीत?

ओसरी
जमिनीत.

गच्चीवरून
मग तुलनाच नको. जमिनीत मुळं खोल थंडाव्यात जातात. कुंडी दुपारभर उन्हात तापते, त्यात भिंतीची धग. कुंडी काळी प्लास्टिकची असेल तर मुळं भाजतातच. पालवी, त्या कोपऱ्यात आणखी काय आहे?

पालवी
कुंडी काळीच आहे. आणखी काही नाही. एसीचं बाहेरचं युनिट आहे, पण ते कुंडीच्या वर, हातभर अंतरावर.

जास्वंदवेडा
अहो ताई, हे आधी सांगायचं! ती गरम हवा थेट शेंड्यावर येते. कोरड्या झळीनं पानांतलं पाणी उडतं, मुळांना तेवढं पुरवता येत नाही, आणि झाड सगळ्यात आधी कळ्या टाकतं. कुंडी आजच कठड्यावर न्या आणि मग महिनाभर हलवू नका. सारखी जागा बदलली तरी ती कळ्या गाळते. पाणी रोजच्या नेमानं नको. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच भरपूर घाला. खालच्या बशीत पाणी साचू देऊ नका.

आणखी एक, गळलेली कळी नखानं फोडून बघा. आत बारीक पांढुरक्या अळ्या असतील तर दोष जागेचा नाही. कळीत अंडी घालणारी एक चिमुकली माशी असते. तशा कळ्या कुंडीत पडू देऊ नका, अळ्या मातीत उतरून कोष करतात.

ओसरी
माझ्याकडेही एसी आहे, काही होत नाही.

पालवी
सहा कळ्या फोडल्या, अळ्या नाहीत. कुंडी कठड्यावर नेली, बाहेरून पांढरं कापड गुंडाळलं.

पालवी
अठरा दिवस झाले. जुन्या कळ्या सगळ्या गेल्या, पण नव्या चार धरल्यात आणि एकीच्या टोकाला पिवळा रंग दिसतोय! सर्वांचे मनापासून आभार. फूल संध्याकाळी मिटलं तर पुन्हा काही बिघडलं असं समजायचं का?

जास्वंदवेडा
नाही. जास्वंदीचं फूल बहुधा एकच दिवसाचं, काही कलमी जातींचं दोन-तीन दिवस. उमलून मिटलं तर काळजी नाही. न उमलता गळलं तर लगेच लिहा.

रानवेल
कठड्यावर अजून जागा असेल तर बोगनवेलीचं बघा.